ऑटोमॅटिक गाडी मधूनच दम सोडते तेव्हा

कसारा घाटात नाशिककडे चढताना गाडी अचानक ओढायची थांबते. ॲक्सिलरेटर तळाला टेकलेला, पण वेग तीसच्या वर सरकत नाही, आणि मागून ट्रकचे हॉर्न. कडेला घेऊन बंद केली आणि थोड्या वेळाने पुन्हा चालू केली, तर काही घडलेच नव्हते अशा थाटात ती इगतपुरीपर्यंत पळते. सोमवारी गॅरेजात दाखवावी, तर मेकॅनिक एक फेरी मारून येतो आणि म्हणतो, "साहेब, गाडीत काहीच नाहीये." ऑटोमॅटिक गाड्यांच्या तक्रारींत ही सर्वांत चिवट. बिघाड हजर असतो तेव्हा मेकॅनिक नसतो, मेकॅनिक हजर असतो तेव्हा बिघाड नसतो.

मग अंदाजपंचे कारभार सुरू होतो. प्लग बदलले जातात, फ्युएल फिल्टर बदलला जातो, इंजिनात हवा सोडणारी झडप, म्हणजे थ्रॉटल बॉडी, साफ होते, शेवटी कोणीतरी गिअरबॉक्सच उतरवायला सांगतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. मधूनमधून जाणारा दम पार्ट बदलत बदलत शोधायला जाऊ नये, असे माझे ठाम मत आहे. तो नोंदींतून सापडतो. नोंद कशाची करायची हे कळण्यासाठी मात्र आधी एक गोष्ट ठरवावी लागते: ताकद अडली कुठे? इंजिन ती तयारच करत नाही, की तयार झालेली ताकद गिअरबॉक्स चाकांपर्यंत पोचवत नाही, की दोघेही ठणठणीत असताना गाडीच्या संगणकाने ती रोखून धरली आहे?

तिसऱ्या शक्यतेकडे सर्वांत कमी लक्ष जाते, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

संगणकाने रोखलेली ताकद

पूर्वी पेडलपासून इंजिनपर्यंत एक केबल जायची. पाय दाबला की केबल ओढली जायची, झडप उघडायची, हवा आत जायची. मध्ये कोणी विचारणारे नव्हते. आजच्या ऑटोमॅटिक गाड्यांत ती केबल नाही. पेडल दाबून आपण फक्त मागणी नोंदवतो. तिच्यातली किती मान्य करायची हे इंजिनचा संगणक, गॅरेजच्या भाषेत ईसीएम, ठरवतो. शंका आली की तो हात आखडता घेतो.

शंका येण्याची कारणे बरीच. पेडलमध्ये एकाच हालचालीची खबर देणारे दोन वेगळे सेन्सर असतात, थ्रॉटल बॉडीतही दोन. दोघांची साक्ष जुळली नाही, तर ईसीएम कोणावरच विश्वास ठेवत नाही आणि गाडी जेमतेम रांगेल इतकीच हवा सोडतो. पेडलच्या सेन्सरांचे पटले नाही तर पी२१३८, थ्रॉटलच्या सेन्सरांचे पटले नाही तर पी२१३५, असे कोड त्याच्या वहीत चढतात. ज्या सेन्सरमध्ये पट्टीवर काटा घासत जातो, तिथे रोजच्या वापराची एकच जागा झिजते. मग पेडल नेमके त्या जागी आले तरच बिघाड दिसतो, एरवी सगळे आलबेल.

याहून मासलेवाईक प्रकार ब्रेकच्या स्विचचा. २००९-१० मध्ये टोयोटाच्या गाड्या आपोआप वेग घेतात अशा तक्रारींवरून अमेरिकेत गदारोळ झाला आणि लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकाच वेळी दाबलेले दिसले तर ब्रेकचे ऐकायचे आणि इंजिनची ताकद तोडायची, हा नियम त्यानंतर सॉफ्टवेअरमध्ये सर्रास आला. नियम चांगलाच आहे. पण ब्रेक पेडलवरचा काहीशे रुपयांचा स्विच अडकला, किंवा त्याची जागा सरकली, तर ईसीएमला वाटते की चालक ब्रेक दाबून बसला आहे, आणि भर रस्त्यात ताकद तुटते. तपासायला फार काही लागत नाही. रात्री भिंतीकडे पाठ करून गाडी उभी करा, कोणालातरी मागे उभे करा, ब्रेक दाबून सोडा, पेडलला हलकासा धक्का द्या. पाय काढल्यावरही लाल दिवा रेंगाळत असेल किंवा मध्येच लुकलुकत असेल, तर धागा हाती लागला. मॅन्युअलवरून नव्याने ऑटोमॅटिकवर आलेल्या चालकांच्या बाबतीत स्विच निर्दोषही निघतो. क्लच गेल्यामुळे मोकळा झालेला डावा पाय घाटात नकळत ब्रेकवर टेकत असतो, आणि चढावरच गाडी दम का सोडते हे कोणालाच कळत नाही. चालकाला हे सांगितलेले सहसा आवडत नाही.

बाकीची कारणे तापमानाची. गिअरबॉक्सचे ऑइल, क्लच, इंजिनचे पाणी यांपैकी काही ठरलेल्या मर्यादेपलीकडे तापले की संगणक इंजिनचा जोर कमी करतो. दोष गंभीर वाटला तर तो लिंप मोडमध्ये जातो. अनेक गिअरबॉक्स अशा वेळी मधल्या एखाद्या गिअरमध्ये, बहुधा तिसऱ्यात, अडकून राहतात. गाडी घरी पोचावी एवढीच त्यामागची सोय.

इथे एक निरीक्षण फुकटात मिळते आणि ते बहुतेक जण वाया घालवतात. गाडी बंद करून लगेच, दहा-पंधरा सेकंदांत पुन्हा चालू केल्यावर दम परत आला का? की वीस-पंचवीस मिनिटे बॉनेट उघडून उभी ठेवल्यावरच आला? लगेच बरी होणारी गाडी सांगते की संगणकाने निर्णय घेतला होता आणि चावी फिरल्यावर तो पुसला गेला. थंड झाल्यावरच बरी होणारी गाडी सांगते की काहीतरी खरोखर तापले होते. दोन्ही वाटा पूर्ण वेगळ्या दिशेला जातात. म्हणून पुढच्या वेळी कडेला थांबल्यावर आधी घड्याळ बघा, फोन नंतर.

आरपीएमचा काटा काय करत होता?

हा काटा इंजिनच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या दाखवतो. दम गेला त्या क्षणी तो वर गेला, खाली आला, की एका जागी खिळला? काटा चढतो, आवाज वाढतो, गाडी मात्र तेवढीच, असे असेल तर ते सायकलची चेन उतरल्यावर पायडल भिरभिरण्यासारखे आहे. ताकद तयार होते आणि वाटेत सटकते. संशय गिअरबॉक्सवर घ्यावा. काटाच वर जायला नको म्हणत असेल, अडखळत असेल, तर इंजिनकडे पाहावे. आणि काटा दरवेळी नेमक्या एकाच आकड्यावर अडत असेल, समजा तीन हजारांवर, तर ती बहुधा संगणकाने घातलेली मर्यादा.

हा ठोकताळा सगळ्या ऑटोमॅटिकना सारखा लागू पडत नाही, कारण आपण ज्याला सरसकट ऑटोमॅटिक म्हणतो ते चार वेगळे प्राणी आहेत.

सीव्हीटीत गिअरच नसतात. दोन पुलींमध्ये पोलादी पट्टा फिरतो आणि पुलींचा व्यास सतत बदलत राहतो. पाय जोरात दाबला की आधी आरपीएम चढतो आणि वेग मागाहून येतो, हे तिच्या स्वभावातच आहे. तो घसरणारा क्लच समजून गिअरबॉक्स उघडायला लावू नका. सीव्हीटीचे खरे दुखणे उष्णता. भर मे महिन्यात, पाच माणसे आणि सामान घेऊन लांब चढ चढताना तिचे ऑइल तापते आणि संगणक आरपीएम व ताकद दोन्ही उतरवतो. तिचे ऑइलही खास असते. पट्टा आणि पुली यांची पकड त्या ऑइलवर अवलंबून असल्याने 'कुठलेही एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑइल) चालते' म्हणणाऱ्याच्या हाती ही गाडी देऊ नये.

टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे ऑइलच्या माध्यमातून ताकद पुढे देणारा भाग, असलेला जुन्या पठडीतला गिअरबॉक्स सर्वांत सोशिक. त्यात ठरावीक वेगाला आतला लॉकअप क्लच लागतो आणि इंजिन व गिअरबॉक्स एकजीव फिरतात. हा क्लच नीट धरत नसेल तर साधारण ६० ते ८० च्या स्थिर वेगात, पाय जराही न हलवता, काटा उगीच शे-दोनशेने वरखाली होतो, किंवा खडबडीत रस्त्यावरून गेल्यासारखी थरथर जाणवते. कोड सहसा पी०७४१. ऑइल काळपट झाले असेल आणि जळका वास येत असेल, तर आतल्या क्लचच्या प्लेटा झिजू लागल्या आहेत. 'लाइफटाइम ऑइल' या शब्दावर फार विसंबू नये. रोज ट्रॅफिक आणि उन्हाळा झेलणाऱ्या गाडीचे ऑइल बदललेलेच बरे.

ड्युअल क्लच, म्हणजे डीसीटी. त्यातही कोरड्या क्लचचा प्रकार आपल्या शहरी ट्रॅफिकमध्ये लवकर तापतो. चढावरच्या रांगेत ब्रेक न दाबता नुसत्या ॲक्सिलरेटरवर गाडी रोखून धरायची सवय असेल, तर क्लच अर्धवट घसरत राहतो, पडद्यावर इशारा येतो आणि गाडी झटके देत ताकद सोडते. इथे सवय बदलल्याने खरोखर फरक पडतो. पण चालकाच्या सवयीवर खापर फोडणे हा कंपन्यांचाही आवडता खेळ आहे. ऑस्ट्रेलियात फोर्डच्या पॉवरशिफ्ट डीसीटीबाबत नेमके हेच झाले. गाडी थरथरते, झटके देते, मधूनच ताकद जाते, अशा तक्रारी घेऊन आलेल्या ग्राहकांना तुमच्या चालवण्यामुळे हे होते असे सांगितले गेले, गिअरबॉक्समध्येच दोष असल्याची लक्षणे कंपनीला माहीत असतानाही. एप्रिल २०१८ मध्ये तिथल्या फेडरल कोर्टाने फोर्ड ऑस्ट्रेलियाला १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. पॉवरशिफ्ट आपल्याकडे इकोस्पोर्टमध्येही मिळत असे. तेव्हा 'तुम्हीच नीट चालवत नाही' हे उत्तर ऐकून लगेच मान खाली घालायचे कारण नाही.

चौथा प्राणी एएमटी. २०१४ मध्ये सेलेरिओतून तो आपल्याकडे रुळला. आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि साधी क्लच प्लेट, फक्त क्लच दाबायचे आणि गिअर टाकायचे काम यंत्र करते. गिअर बदलताना क्षणभर ताकद तुटणार, गाडी मान टाकल्यासारखी वाटणार. तो बिघाड नव्हे. पण वरच्या गिअरमध्ये चढावर आरपीएम सुटत असेल तर प्लेट संपत आली आहे, मॅन्युअल गाडीत संपते तशीच. आणि मध्येच गिअर न्यूट्रलला पडून पडद्यावरचे अक्षर लुकलुकू लागले, तर क्लच हलवणाऱ्या यंत्रणेकडे, तिचा पंप, तिचे ऑइल आणि तिला मिळणारा विद्युतदाब यांकडे आधी पाहावे.

इंजिनची बाजू

इंजिनला हवा, इंधन आणि ठिणगी लागते, शिवाय धूर बाहेर जायला वाट मोकळी लागते. एकूण यादी मोठी आहे, पण मधूनमधून होणाऱ्या बिघाडात तिचा बराचसा भाग गळतो. उदाहरणार्थ, कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गेलेले इंजिन मंगळवारी बरे आणि बुधवारी आजारी असे सहसा नसते. उरतात ते उष्णतेने, ओलाव्याने किंवा भाराने बिघडणारे भाग.

पहिला मान इंधनपंपाचा. तो टाकीतच बुडालेला असतो आणि भोवतीच्या पेट्रोलनेच थंड होतो. पाव टाकीखाली गाडी चालवण्याची सवय, उन्हाळा आणि लांबचा रस्ता एकत्र आले की थकलेला पंप तापून दाब सोडतो, थंड झाला की पुन्हा कामाला लागतो. पंप नवा असला म्हणजे निर्धास्त, असेही नाही. जानेवारी २०२० मध्ये टोयोटाने अमेरिकेत सुमारे ७ लाख गाड्या परत बोलावल्या. डेन्सो कंपनीच्या पंपातले प्लास्टिकचे पाते कमी घनतेचे निघाले होते. त्याच्या पृष्ठभागावर बारीक चिरा पडत, ते इंधन शोषून फुगत असे आणि पंपाच्या आवरणाला घासून अडकत असे. लक्षणे हीच: इंजिन खडबडते, ताकद जाते, कधी चालता चालता बंद पडते. त्याच वर्षी जूनमध्ये होंडाने भारतात २०१८ साली बनलेल्या ६५,६५१ गाड्या पंपाच्या पात्यातील दोषासाठीच बोलावल्या, आणि जुलैत मारुतीने इंधनपंपातल्या संभाव्य दोषासाठी १,३४,८८५ वॅगनआर आणि बलेनो. म्हणून गॅरेजात एक रुपयाही खर्च करण्याआधी कंपनीच्या संकेतस्थळावर आपला १७ अक्षरांचा चासी नंबर टाकून पाहावा. जुनी गाडी घेतली असेल तर अधिकच, कारण परत बोलावल्याचे पत्र बहुधा पहिल्या मालकाच्या पत्त्यावर गेलेले असते.

सीएनजीवाल्यांच्या हाती इथे एक आयती परीक्षा आहे. दम गेला त्याच क्षणी बटण दाबून इंधन बदला. पेट्रोलवर मरगळलेली गाडी सीएनजीवर टवटवीत झाली, तर इंजिन, ठिणगी, गिअरबॉक्स हे सगळे सुटले. दोष पेट्रोलचा पंप, फिल्टर किंवा इंजेक्टर यांत. उलट, पेट्रोलवर बरी आणि सीएनजीवर मिसिंग, म्हणजे इंधन मधूनच पेटायचे चुकते, तर लगेच गॅस किटला शिव्या देऊ नयेत. सीएनजी पेटवायला ठिणगीला जास्त विद्युतदाब लागतो, त्यामुळे थकलेले प्लग आणि इग्निशन कॉइल आधी सीएनजीवर उघडे पडतात.

मिसिंग होत असताना इंजिनचा पिवळा दिवा नुसता पेटलेला नसून लुकलुकत असेल, तर पायातला जोर लगेच काढावा. न जळालेले पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळते आणि तो वितळवते. मग खर्चाचे आकडे वेगळेच होतात. अर्धवट बुजलेला कन्व्हर्टरही दम खातो. गावात गाडी बरी चालते, मोठ्या वेगाला धूर बाहेर पडायला वाव मिळत नाही.

बीएस६ डिझेलमध्ये ही भूमिका डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी गाळणारा फिल्टर, बजावतो. तो काजळी साठवतो आणि मधूनमधून स्वतःच्या आत सुमारे ६०० अंशांपर्यंत तापवून जाळतो. त्यासाठी पंधरा-वीस मिनिटे सलग, बऱ्यापैकी वेगात गाडी चालावी लागते. घर ते स्टेशन एवढ्याच पल्ल्याची गाडी ही संधी कधीच देत नाही. काजळी वाढत जाते आणि एक दिवस संगणक ताकद कापतो. डीपीएफचा दिवा लागल्यावर महामार्गाचा एक मोठा फेरा मारणे हा पुष्कळदा पुरेसा इलाज असतो.

टर्बो गाडीत नळ्या बघाव्यात. टर्बोपासून इंजिनपर्यंत जाणाऱ्या रबरी नळीला चीर पडली असेल तर ती उभ्या गाडीत मिटलेली दिसते आणि पूर्ण दाबाखालीच उघडते. चढावर दम गेला, फुस्स असा आवाज आला, कोड पी०२९९ निघाला, तर नळी हाताने वाकवून, पिळून बघितल्याशिवाय टर्बो बदलायला होकार देऊ नये.

आणि मग क्रँक सेन्सर, लपाछपी खेळण्यात सर्वांचा गुरू. क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनचा मुख्य फिरता दांडा, कुठे आहे हे तो सांगतो, त्यावर ठिणगी आणि इंधनाची वेळ ठरते. त्यातल्या बारीक तारेला तडा गेला असेल तर गरम झाल्यावर ती सुटते, थंड झाल्यावर पुन्हा टेकते. गाडी चालता चालता मरते, वीस मिनिटांनी जिवंत होते. मॅन्युअल गाडीसाठी सांगितली जाणारी एक युक्ती आहे: इंजिन मेल्यावर गाडी गिअरमध्ये सरपटत असतानाच काटा धाडकन शून्यावर आला तर क्रँक सेन्सर. ऑटोमॅटिकमध्ये तिच्या नादी लागू नये. तिथे मेलेल्या इंजिनला चाके फिरवत राहतील याची खात्री नसते, त्यामुळे कारण काहीही असले तरी काटा शून्यावर येऊ शकतो. ऑटोमॅटिकसाठी पद्धत वेगळी. बिघाड हजर असताना स्टार्टर मारा आणि स्कॅनरवर आरपीएम बघा. स्टार्टर इंजिन फिरवत असताना दोनशेच्या आसपास आकडा दिसायला हवा. शून्यच दिसला तर सेन्सर किंवा त्याची वायर.

बिघाड नसलेलेही एक प्रकरण सांगून टाकतो. टर्बो नसलेले इंजिन दर हजार मीटर उंचीमागे साधारण दहा टक्के ताकद गमावते, कारण हवाच विरळ. महाबळेश्वर सुमारे १३५० मीटरवर. छोटे इंजिन, एसी चालू, गाडी भरलेली आणि इको मोड, एवढे जमल्यावर पसरणीचा घाट चढताना गाडी सुस्त वाटली तर तिला दोष देऊ नये. मात्र घाट उतरल्यावरही सुस्ती राहिली, आणि थांबल्यावर एकाच चाकाजवळ हात नेताच धग लागली, तर तिथला ब्रेक चिकटलेला असतो. तोही दम गेल्यासारखाच भासतो.

फोनवर काय पाहायचे

भारतात २०१३ पासूनच्या जवळपास सर्व कारमध्ये डॅशबोर्डखाली, चालकाच्या गुडघ्याजवळ, गाडीचा संगणक वाचायचे १६ पिनांचे ओबीडी सॉकेट असते. त्यात बसणारा ब्लूटूथ डोंगल काहीशे रुपयांत मिळतो आणि फोनवरचे ॲप त्यातून आकडे वाचते. कोड वाचणे हा त्याचा किरकोळ उपयोग. खरा उपयोग प्रवासभर आकडे नोंदवत राहण्याचा, म्हणजे मेकॅनिक हजर नसतानाचा तो क्षण पकडून ठेवण्याचा.

सगळेच आकडे नोंदवायला गेलात तर डोंगल मंदावतो आणि नेमका क्षण निसटतो. आरपीएम, वेग, पेडलची स्थिती, थ्रॉटलची स्थिती, आत जाणारी हवा किंवा मॅनिफोल्डचा (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांचा) दाब, दोन्ही फ्युएल ट्रिम (तात्पुरता आणि दीर्घकालीन) आणि विद्युतदाब, इतके पुरे. नंतर घरी बसून बिघाडाच्या क्षणाच्या ओळी वाचायच्या. पेडल ८० टक्के आणि थ्रॉटल १५ टक्के दिसत असेल, तर संगणकाने हात आखडला. आता कारण शोधायचे ते त्याने का आखडला याचे. पेडल आणि थ्रॉटल दोन्ही उघडे, आरपीएम चढलेला, वेग नाही, तर गिअरबॉक्स. दोन्ही उघडे, पण आरपीएमही नाही, तर मॅनिफोल्डचा दाब बघा. टर्बो नसलेल्या गाडीत पूर्ण उघड्या थ्रॉटलला तो बाहेरच्या हवेइतका, मुंबईत १०० किलोपास्कलच्या आसपास आणि महाबळेश्वरला ८६ च्या आसपास यायला हवा. खूप कमी आला तर हवा आत येण्याच्या वाटेत अडथळा.

फ्युएल ट्रिम थोडे समजून घेण्यासारखे आहे. धुरातला ऑक्सिजन मोजून ईसीएम इंधन वाढवतो किंवा घटवतो, आणि ही दुरुस्ती टक्क्यांत दिसते. दोन्ही ट्रिमची बेरीज अधिक-उणे दहाच्या आत असेल तर काळजी नाही. अधिक वीस-पंचवीस म्हणजे इंजिन इंधनासाठी तडफडते आहे. आता हे कधी घडते ते पाहा. गाडी उभी असताना जास्त आणि वेगात कमी, तर कुठेतरी चोरून हवा आत शिरते आहे, एखादी व्हॅक्यूम नळी फुटली आहे. उभ्या गाडीत ठीक आणि चढावर भार पडताच वाढते, तर पंप किंवा फिल्टर पुरेसे इंधन देत नाही. ई-२० पेट्रोलवर जुन्या गाडीचा ट्रिम थोडा वरच राहतो. शुद्ध पेट्रोलला एका भागामागे १४.७ भाग हवा लागते, २० टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला सुमारे १३.५. म्हणून चार-सहा टक्क्यांनी घाबरू नये.

दिवा लागला नाही म्हणजे नोंद नाही, असेही समजू नका. बरेच दोष सलग दोन फेऱ्यांत दिसल्याशिवाय दिवा पेटवत नाहीत. पहिल्या फेरीनंतर ते 'पेंडिंग' या यादीत पडून असतात. कोड नोंदला जातो तेव्हा ईसीएम त्या क्षणाचे आकडेही साठवतो, त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. बॅटरीची तार काढून 'रिसेट' मारणारा मेकॅनिक हा सगळा पुरावा स्वतःच्या हाताने पुसतो. आणि एक मर्यादा: स्वस्त डोंगल बहुधा इंजिनचेच वाचतो. पी०७०० आला तर त्याचा अर्थ एवढाच, की गिअरबॉक्सच्या संगणकाकडे सांगण्यासारखे काहीतरी आहे. ते ऐकायला गॅरेजातला मोठा स्कॅनर लागतो.

तारा, उंदीर आणि गंज

सेन्सरचा कोड आला म्हणजे सेन्सर गेला, ही समजूत लोकांचे सर्वाधिक पैसे खाते. कोड सांगतो की त्या सर्किटमधून येणारी खबर विश्वासार्ह नाही. सर्किटमध्ये सेन्सरबरोबर वायर, कनेक्टर आणि अर्थिंगही येते. पावसाळ्यात उबेसाठी बॉनेटखाली आलेला उंदीर वायर अर्धवट कुरतडून जातो, दोन-चार धागे शिल्लक राहतात आणि इंजिन हलले की संपर्क तुटतो. कोकणपट्टीत आणि मुंबईत खारट दमट हवेने कनेक्टरच्या पिनांवर हिरवट गंज चढतो. इंजिन चालू ठेवून, स्कॅनरवर संबंधित आकडा समोर ठेवून, वायरिंग हळूहळू हलवत जायचे. आकडा उडी मारेल तिथे थांबायचे. कंटाळवाणे काम आहे, म्हणून कोणी करत नाही.

अर्थिंगची पट्टी मल्टिमीटरने तपासता येते. स्टार्टर फिरत असताना बॅटरीच्या ऋण टोकापासून इंजिनच्या धातूपर्यंत ०.२ व्होल्टहून जास्त फरक दिसला, तर पट्टी साफ करून घट्ट करावी. चालू इंजिनवर बॅटरीचा दाब साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट असावा. गिअरबॉक्सचा संगणक कमी दाबाला लवकर कावरतो, आणि पाच वर्षांच्या बॅटरीने गिअरबॉक्सचे कोड पैदा करणे ही रोजची गोष्ट आहे.

रस्त्यात आणि गॅरेजात

एक्स्प्रेसवेवर दम गेला तर आधी हॅझर्ड दिवे, मग आरशात बघत डावीकडे. इंजिनच बंद पडले असेल तर स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकला एक-दोन दाबांपुरतीच मदत उरते. म्हणून ब्रेक पुन्हा पुन्हा न दाबता एकदाच जोर लावून धरून ठेवावा. ऑटोमॅटिक गाडी पार्क किंवा न्यूट्रलमध्येच चालू होते, धक्का मारून तर नाहीच. टो करायची वेळ आली तर फ्लॅटबेड मागवा. इंजिन बंद असताना गिअरबॉक्सचा ऑइल पंपही बंद असतो, आणि इंजिन ज्यांना फिरवते ती चाके जमिनीवर ठेवून ओढल्यास आतले भाग कोरडे फिरतात.

गॅरेजात 'पिकअप नाही' एवढे सांगून चावी देऊ नये. इंजिन किती वेळ चालले होते, टाकीत किती पेट्रोल होते, पाऊस होता का, एसी होता का, काटा कुठे होता, बंद करून किती वेळाने बरी झाली, हे एका कागदावर लिहून द्या, सोबत फोनवरची नोंद. शक्य असेल तर मेकॅनिकला शेजारी बसवून त्याच चढावर, त्याच तापलेल्या अवस्थेत गाडी न्या. पार्किंगभोवतीच्या चक्करेत असला बिघाड सापडत नाही. कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेमचा फोटो मागा. कोणताही महागडा भाग बदलायचा म्हटला की एकच प्रश्न विचारावा: तो भाग गेला आहे हे कोणत्या मोजमापावरून ठरले? चांगला मेकॅनिक या प्रश्नावर रागावत नाही, मीटर दाखवतो.

दुरुस्ती झाली तरी लगेच निकाल देता येत नाही. थ्रॉटल बॉडी साफ केली किंवा क्लच बदलला की संगणकाला नवी मोजमापे शिकवावी लागतात, आणि ती प्रक्रिया न केल्यास गाडी पहिल्यापेक्षा वाईट चालू शकते. ती केली का, हे विचारून घ्या. डोंगल काही आठवडे राहू द्या, फक्त गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर काढून ठेवा, नाहीतर तो बॅटरी पितो. ज्या परिस्थितीत दम जायचा, तीच परिस्थिती पुन्हा आणा: तेवढेच ऊन, तेवढेच ओझे, तोच घाट. आणि त्या फेरीचे आकडे जुन्या नोंदीशेजारी ठेवून पाहा. पूर्वी चढावर पंचवीसवर जाणारा ट्रिम आता पाचवर राहत असेल, तर बिघाड गेला. आकडे जसेच्या तसे असतील आणि गाडी केवळ योगायोगाने बरी वागली असेल, तर बिघाड अजून आत आहे. बिल भरले गेले असले तरी.